दहा मिनिटांचे विज्ञान



संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास धाराशिवच्या बसस्थानकावर थोडा वेळ उभे राहून पाहा. कळंबची गाडी आत्ताच सुटलेली असते, तुळजापूरची लागायची असते आणि भूमची केव्हा येईल ते कोणालाच सांगता येत नाही. शाळा-कॉलेज सुटलेली मुले-मुली घोळक्याने उभी असतात. बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो आणि अंगठा वरखाली चालू असतो. गाडी येईपर्यंत दहा, पंधरा, कधी वीस मिनिटे जातात. यांतल्याच एखाद्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी वर्गात विचारावे, "अभ्यासाखेरीज आणखी काही करतोस का रे?" उत्तर ठरलेले असते, "सर, वेळच मिळत नाही."

तो खोटे बोलत नाही. सकाळी शिकवणी, दिवसा शाळा, येण्याजाण्यात दीड तास, घरी गेल्यावर जनावरांचे वैरण-पाणी किंवा दुकानावर बसणे, आणि मग अभ्यास. मोकळा असा तास-दोन तासांचा वेळ त्याला खरोखरच मिळत नाही. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. तासिका, प्रात्यक्षिके, जर्नल तपासणे, परीक्षेची कामे आणि रविवारी गावाकडे सोयाबीनचे रान, हे सगळे सांभाळताना माझीही तीच गत होते. मोठा वेळ मिळत नाही, हे आपण दोघेही कबूल करू. पण वेळेचे लहान लहान तुकडे मात्र सर्वांकडेच असतात. त्यांचे काय करायचे, हा आजचा प्रश्न आहे.

माझे मत असे आहे की, अशा दहा मिनिटांत इंटरनेटच्या मदतीने विज्ञानाला उपयोगी पडेल असे खरेखुरे काम शाळकरी विद्यार्थ्यालाही करता येते. मात्र त्याला एक अट आहे. ती अट मी स्वतःच मोडली आणि मगच ती मला नीट समजली. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. आधी असे काम असते तरी कसे, ते पाहू.

अठ्ठावन्न वर्षांचे काम

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एक दुर्बीण आहे. तिने आकाशाच्या फार मोठ्या भागाची पद्धतशीर छायाचित्रे घेतली. त्यांत लाखो दीर्घिका सापडल्या. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह. काही दीर्घिकांना भोवऱ्यासारखे फाटे असतात, त्यांना सर्पिल म्हणतात. काही नुसत्या लंबगोल असतात. कोणती दीर्घिका कोणत्या प्रकारची आहे हे ठरवायचे, तर प्रत्येक चित्र डोळ्यांनी पाहायला हवे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील केविन शाविन्स्की या संशोधक विद्यार्थ्याने एका आठवड्यात ५०,००० चित्रे पाहिली आणि तो थकून गेला. उरलेली लाखो चित्रे कोण पाहणार?

मग जुलै २००७ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ९ लाख दीर्घिकांची चित्रे इंटरनेटवर ठेवली आणि लोकांना मदतीची हाक दिली. या उपक्रमाचे नाव 'गॅलॅक्सी झू', म्हणजे दीर्घिकांचे प्राणिसंग्रहालय! चित्र पाहायचे आणि सर्पिल, लंबगोल, दोन दीर्घिकांची टक्कर किंवा 'सांगता येत नाही' यांपैकी एक बटण दाबायचे. पहिल्या वर्षात दीड लाखाहून अधिक लोकांनी मिळून ५ कोटींहून अधिक उत्तरे दिली.

आता थोडे गणित करू. समजा, एका चित्राला १० सेकंद लागतात. तर ५ कोटी उत्तरांना ५० कोटी सेकंद, म्हणजे सुमारे १ लाख ३९ हजार तास लागतील. एकाच माणसाने रोज ८ तास व वर्षाचे ३०० दिवस हे काम केले, तर त्याला जवळजवळ ५८ वर्षे लागतील! पण तेच काम दीड लाख लोकांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३३३ चित्रे आली. वेळ किती? सुमारे ५५ मिनिटे. शाळेतल्या दोन तासिकाही पुऱ्या नाहीत. अर्थात कोणी पाचच चित्रे पाहिली असतील, कोणी पाच हजार. पण थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आकड्यांत मांडली तर ती अशी दिसते.

खजिन्यातला कारकून

तुम्हाला वाटेल, ही सारी इंटरनेटची करामत आहे. तसे नाही. इंटरनेटने काम पोहोचवणे सोपे केले. रोजच्या धबडग्यातून थोडा वेळ काढून विज्ञानाला हातभार लावणारी माणसे त्याच्या आधीही होती. त्यांपैकी एकाची गोष्ट सांगतो.

राधा गोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ साली बंगालमधील जेसोर शहराजवळच्या एका खेड्यात झाला. आज तो भाग बांगलादेशात आहे. शालेय शिक्षण संपवून कॉलेजात जाण्याची परीक्षा त्यांना काही केल्या पास होता आली नाही. सरकारी खजिन्यात नाणी मोजण्या-तपासण्याची साधी नोकरी त्यांनी धरली. दिवसभर नाणी आणि रात्री आकाश, असा त्यांचा क्रम होता. काही ताऱ्यांचे तेज कमीजास्त होत असते. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. अशा ताऱ्याची तुलना शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी करायची आणि त्या रात्रीचे तेज वहीत लिहायचे, एवढेच ते काम. अमेरिकेत अशा निरीक्षकांची एक संघटना आहे. चंद्र आपल्या नोंदी तिच्याकडे टपालाने पाठवीत. त्यांचे काम पाहून संघटनेने १९२६ साली सहा इंच व्यासाची दुर्बीण त्यांच्याकडे पाठवली.

सुमारे ३५ वर्षांत, १९५४ सालापर्यंत, त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्याला दिवसांनी भागून पाहा. ३५ वर्षांचे सुमारे १२,८०० दिवस होतात. म्हणजे रात्रीला सरासरी तीन नोंदी! तीन नोंदी करणे कोणाला अवघड आहे? अवघड आहे ते ३५ वर्षे करणे. मोठे काम हे मोकळ्या वेळेची वाट पाहून होत नाही, ठरलेल्या लहान वेळेत होते, हे त्या कारकुनाने दाखवून दिले.

माझी चूक

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गाला एका पक्षिगणनेत भाग घ्यायला लावले. 'लावले' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपापल्या गावी उभे राहून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि यादी इंटरनेटवर भरायची. मुले टाळाटाळ करतील म्हणून मी जाहीर केले, "जो याद्या भरील त्याचे अंतर्गत गुण मी लक्षात ठेवीन." याद्या धडाधड आल्या. मी खूश झालो.

पाचव्या दिवशी याद्या तपासणाऱ्या स्वयंसेवकाचे पत्र आले. भाषा अगदी नम्र होती. त्यांनी विचारले होते, "आपल्या ४२ विद्यार्थ्यांना एकाच सकाळी तेच अकरा पक्षी, तितक्याच संख्येने कसे दिसले?" मी याद्या उघडून पाहिल्या आणि ओशाळलो. परंड्याला दोन नीलकंठ, उमरग्याला दोन नीलकंठ, वाशीलाही दोन नीलकंठ! एका मुलीने मनापासून यादी केली होती आणि उरलेल्या एक्केचाळीस जणांनी ती उतरवून घेतली होती. त्या सर्व याद्या मी काढून टाकायला सांगितल्या. तिचीही गेली, कारण कोणती यादी मूळची हे तेव्हा कोणी कबूल करीना.

दोष मुलांचा होता का? थोडा होता. पण जास्त माझा होता. जे काम आवडीने करायचे, त्याला मी गुणांचे आमिष लावले. लंबकाच्या प्रयोगात शेजाऱ्याच्या जर्नलमधून गुरुत्व त्वरणाची किंमत उतरवणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. तरीही हे माझ्या लक्षात आले नाही. त्या दिवशी फळ्यावर मी जे गणित मुलांना करून दाखवले, ते तुम्हीही करून पाहा.

समजा, दीर्घिकेचे चित्र ओळखण्यात एक विद्यार्थी १०० पैकी ७० वेळा बरोबर येतो. म्हणजे १००० चित्रांत ७०० बरोबर. आता तीच चित्रे तिघांनी स्वतंत्रपणे पाहिली आणि बहुमताचे उत्तर धरले. तिघेही बरोबर असण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ३४३ चित्रे. कोणी तरी एक चुकला पण दोघे बरोबर, अशी ४४१ चित्रे. बेरीज ७८४. पाच जणांनी पाहिले तर ८३७. अकरा जणांनी पाहिले तर ९२० हून अधिक! माणसे तीच, कोणी जास्त हुशार झाले नाही. तरी उत्तर सुधारले.

पण या गणितात एक शब्द फार महत्त्वाचा आहे. तो म्हणजे 'स्वतंत्रपणे'. अकरा जणांनी एकाचेच उत्तर उतरवले, तर बरोबर चित्रे ७००च राहतात. अकरा नोंदी दिसतात, पण प्रत्यक्षात नोंद एकच असते. उलट, अकरा जणांचे एकमत झाले असे समजून संशोधक फसतो, म्हणजे काम न करण्यापेक्षाही वाईट. हीच ती अट. आपले उत्तर आपल्या डोळ्यांचे असले पाहिजे.

डोळाही फसवतो

सगळे प्रामाणिक असले तरी एक धोका उरतोच. गॅलॅक्सी झूमध्ये सर्पिल दीर्घिकेचे फाटे घड्याळाच्या दिशेने वळतात की उलट, हेही विचारले होते. विश्वात डावे-उजवे असा पक्षपात नसावा, म्हणजे दोन्ही प्रकार सारखेच निघावेत. पण उलट दिशेच्या दीर्घिका जास्त निघाल्या. ही विश्वाची गंमत की माणसाच्या नजरेची? संशोधकांनी एक साधी युक्ती केली. आरशात दिसावी तशी उलटी केलेली काही चित्रे लोकांना दाखवली. विश्वातच फरक असता, तर आता घड्याळाच्या दिशेच्या दीर्घिका जास्त निघाल्या असत्या. तसे झाले नाही. पुन्हा उलट दिशेच्याच जास्त निघाल्या. म्हणजे खोट माणसाच्या पाहण्यात होती.

प्रयोगशाळेत आपण दोन प्रकारच्या त्रुटी शिकतो. एक इकडे-तिकडे होणारी त्रुटी, जी अनेक वाचने घेतली की कमी होते. दुसरी एकाच बाजूला झुकणारी, जी कितीही वाचने घेतली तरी तशीच राहते; ती युक्तीनेच शोधावी लागते. हा धडा इतक्या मोठ्या प्रमाणावर शिकायला मिळणे, हा या कामाचा तुम्हाला होणारा फायदा आहे. संशोधकाला तुमची मदत होते, आणि तुम्हाला विज्ञान कसे चालते ते आतून दिसते.

'नाही' हेही उत्तर आहे

मुलांना आणखी एका गोष्टीची भीती वाटते. "सर, काहीच दिसले नाही तर काय लिहायचे?" "काही दिसले नाही" असेच लिहायचे!

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून तो शेकडो किलोमीटर चालत आला होता. ते छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. पण असे कॅमेरे समोर काहीही हलले की छायाचित्र घेतात. वाऱ्याने गवत हलले तरी घेतात. आफ्रिकेत टांझानियातील सेरेंगेटी येथे असे २२५ कॅमेरे लावले होते. २०१२ च्या अखेरीस ती छायाचित्रे लोकांपुढे ठेवली गेली. त्यांत पुष्कळशी रिकामी होती. पहिल्या पाचही जणांनी 'काही नाही' म्हटले, की ते चित्र बाजूला काढले जाई. हे 'काही नाही' सांगणारे नसते, तर संशोधकांचा सारा वेळ गवत पाहण्यात गेला असता. २८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांची उत्तरे एकत्र केल्यावर, तज्ज्ञांशी ताडून पाहता १०० पैकी जवळजवळ ९७ चित्रांत प्राणी बरोबर ओळखला गेला होता.

'ठाऊक नाही' या उत्तराची तर गोष्टच वेगळी. २००७ साली नेदरलँड्समधील हॅनी फान आर्केल या शाळाशिक्षिकेला गॅलॅक्सी झूच्या एका चित्रात दीर्घिकेशेजारी विचित्र डाग दिसला. ती खगोलशास्त्रज्ञ नव्हती. तिने सरळ विचारले, "हे काय आहे?" शास्त्रज्ञांनाही ते सांगता येईना! पुढे कळले की तो वायूचा प्रचंड ढग असून शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला आहे. केंद्र मंदावले, तरी ढग अजून चमकतो आहे. तिने संकोचाने कोणते तरी बटण दाबून दिले असते, तर ती गोष्ट तशीच पडून राहिली असती.

आपल्या जिल्ह्याला 'नाही'चे महत्त्व कळायला आणखी जवळचे उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली; लोहाऱ्याकडचे सास्तूर आजही ते विसरलेले नाही. मी तेव्हा सातवीत होतो. तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी मांडणीवरची भांडी खाली आली आणि वडिलांनी आम्हा भावंडांना ओढून अंगणात नेले, एवढे मला स्पष्ट आठवते.

भूकंपाचे दोन प्रकारे मापन होते. केंद्रापाशी किती ऊर्जा मोकळी झाली ते यंत्रांच्या नोंदींवरून काढतात. पण एखाद्या गावी हादरा किती बसला, हे तिथल्या माणसांना काय जाणवले आणि घरांचे काय झाले यावरून ठरवतात. झोपलेले जागे झाले का? भांडी पडली का? भिंतींना तडे गेले का? पूर्वी ही माहिती गावोगाव फिरून किंवा पत्रे पाठवून गोळा करावी लागे. १९९३ साली आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट नव्हते. ते १९९५ मध्ये आले. आज अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाचा 'तुम्हाला जाणवला का?' या अर्थाचा एक छोटा अर्ज आहे. जगातल्या कोणालाही तो भरता येतो. पाच मिनिटांचे काम. आणि त्यात 'मला जाणवला नाही' हेही कळवता येते, कारण हादरा कुठवर पोहोचला याची सीमा त्या उत्तरांवरूनच आखता येते. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागात धक्के बसले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी मोबाइलवर एकमेकांना घाबरवणारे निरोप पाठवले. तीच पाच मिनिटे त्या अर्जाला दिली असती तर? अर्थात आधी घराबाहेर मोकळ्या जागी जायचे, घरच्यांची विचारपूस करायची आणि मगच मोबाइल हातात घ्यायचा, हे सांगायला नकोच.

दिवसात बसवायचे कसे?

आता मुख्य व्यवहाराचा भाग. माझ्या अनुभवातून मी चार गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली, काम एकच निवडावे. पाच ठिकाणी नावे नोंदवणारा महिनाभरात पाचही सोडतो. दुसरी, ते रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडावे: गाडीची वाट पाहताना, किंवा रात्रीच्या जेवणानंतर. 'सवड मिळेल तेव्हा' ही वेळ कोणत्याही घड्याळात नसते. तिसरी, दहा मिनिटे झाली की थांबावे, चित्र कितीही रंजक असले तरी. थकलेला डोळा चुका करतो. आणि ही दहा मिनिटे अभ्यासातून किंवा झोपेतून घ्यायची नाहीत, नुसता अंगठा फिरवण्यातून घ्यायची आहेत. चौथी, वहीत रोज एक ओळ लिहावी: आज काय पाहिले, काय समजले नाही. महिन्याने ती वही चाळा. ती तुम्हाला प्रश्न विचारू लागेल.

काम कोणते निवडावे? घरात मोबाइल एकच असेल आणि तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर जात असेल, तर झाड निवडा. 'सीझनवॉच' नावाच्या भारतीय उपक्रमात एक झाड निवडून आठवड्यातून एकदा त्याची कोवळी पाने, जून पाने, फुले, फळे पाहायची आणि 'नाहीत', 'थोडी' की 'पुष्कळ' एवढेच नोंदवायचे. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींवरून बदलत्या हवामानात झाडांचे वेळापत्रक कसे सरकते, ते पाहता येते. शाळेच्या वाटेवरचा कडुनिंब किंवा चिंच त्याला पुरते. कागदावर टिपा, मोबाइल हाती आला की भरा.

इंग्रजीची अडचण वाटत असेल, तर मराठी विकिस्रोत आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे उलटली की आपल्या कायद्याप्रमाणे त्याची पुस्तके सर्वांना खुली होतात. अशा जुन्या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे घेऊन संगणक अक्षरे ओळखतो. पण जोडाक्षरे, रफार, अनुस्वार यांत तो चुकतो. मूळ पान शेजारी ठेवून त्या चुका सुधारायच्या. एकाने तपासलेले पान पिवळे होते, दुसऱ्याने पुन्हा तपासल्यावर हिरवे. पाहा, इथेही दोन स्वतंत्र डोळे लागतातच! दिवसाला एक पान झाले तरी वर्षात एक जाडजूड पुस्तक होते.

पक्ष्यांची आवड असेल, तर दर फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षिगणना असते. एका यादीला किमान १५ मिनिटे पुरतात. चित्रे पाहायची असतील, तर 'झूनिव्हर्स' या संकेतस्थळावर दीर्घिकांपासून वन्य प्राण्यांपर्यंत अनेक उपक्रम आहेत. आणि पुढे विज्ञान शाखेत कॉलेजात गेलात, तर आपल्याच राज्यात एक मोठी संधी आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नोंदींतून वेगळ्या दीर्घिका शोधायला विद्यार्थ्यांना शिकवण्याचा उपक्रम डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली सुरू केला. या स्वयंसेवकांच्या शोधांवर आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध झाले आहेत. एक दीर्घिका शेजारच्या दीर्घिकेवर कणांचा झोत सोडते आहे, असे दाखवणारा २०२२ मधील निबंध त्यांपैकीच.

कुठेही नाव नोंदवताना घरच्यांना आधी सांगा. यांतल्या कामात भाग घ्यायला पैसे पडत नाहीत. जिथे पैसे, बँकेची माहिती किंवा ओटीपी मागतील, तिथून परत फिरा. आणि दहावी-बारावीचे वर्ष असेल, तर जानेवारीपासून हे सारे खुशाल बंद ठेवा. दीर्घिका कुठे पळून जात नाहीत.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, आता संगणकच चित्रे ओळखतो, मग माणसाची गरज काय? गोष्ट खरी आहे. दीर्घिकांचे पुष्कळसे वर्गीकरण आज संगणक करतो. पण तो ते शिकला कशावरून? स्वयंसेवकांनी दिलेल्या लक्षावधी उत्तरांवरूनच. शिवाय त्याने कधी न पाहिलेले काही समोर आले की तो ओळखीच्या खणात टाकून मोकळा होण्याचा संभव असतो. "हे काय आहे?" असे विचारायला अजून हॅनीसारखे कुतूहल असलेले माणूसच लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही फुकटची वेठ तर नाही ना? मला वाटते, हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे. माझी कसोटी सोपी आहे. माझ्या कामातून जमलेली माहिती सर्वांना खुली होते का? तिचे पुढे काय झाले ते मला कळते का? मला हवे तेव्हा थांबता येते का? तिन्ही उत्तरे 'होय' असतील तर ते श्रमदान आहे. नसतील तर आपला वेळ दुसरीकडे द्यावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटची विनंती तुम्हाला आहे. कृपा करून हे सक्तीचे करू नका. गुण ठेवू नका, प्रमाणपत्रांची संख्या मोजू नका, 'आमच्या शाळेने इतकी चित्रे पाहिली' असा फलक लावू नका. मी तो मार्ग चोखाळून ४२ सारख्या याद्या मिळवल्या आहेत. त्याऐवजी तुम्ही स्वतः एक झाड निवडा आणि आठवड्यातून एकदा वर्गात सांगा, "माझ्या चिंचेला आज फुले नाहीत." पुढच्या वर्षी मी तेवढेच केले. ४२ ऐवजी सहा मुले आली. त्यांतल्या एकाच्या यादीत चारही दिवस नीलकंठ नव्हता आणि तसे त्याने न भिता लिहिले होते. त्या याद्या मी अजून जपून ठेवल्या आहेत.

तेव्हा मित्रहो, उद्या गाडीची वाट पाहताना बसस्थानकावर एखादे झाड आहे का ते आधी पाहा. असेल तर त्याची कोवळी पाने, फुले, फळे पाहा आणि दिसले तेवढेच वहीत लिहा. गाडी आली की थांबा. पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी पुन्हा पाहा.